वणव्याचा धूर सॅटेलाइटवर कसा बघायचा

वणवा शेकडो किलोमीटर लांब असला तरी त्याचा धूर कुठे चाललाय हे घरबसल्या बघता येतं, तेही फुकट. ब्राउझरमध्ये नासाचं वर्ल्डव्ह्यू (सॅटेलाइट चित्रं दाखवणारी वेबसाइट) उघडा, लॉगिन वगैरे काही लागत नाही. आधी ट्रू कलर लेयर, म्हणजे डोळ्यांना दिसतात तशा रंगांचं चित्र, लावा, त्यावर आगीचा लेयर टाका की लाल ठिपके दिसायला लागतात. व्हिअर्स आणि मोडिस हे सॅटेलाइटवरचे दोन सेन्सर आहेत, आगीसाठी मी कायम व्हिअर्सच घेतो कारण त्याचा पिक्सेल 375 मीटरचा आहे, मोडिसचा 1 किलोमीटरचा, म्हणजे व्हिअर्सचं चित्र जास्त बारीक. पण प्रत्येक ठिपका म्हणजे वणवा नाही हं, कारखान्याची भट्टी पण तशीच दिसते, म्हणून ठिपक्यापासून वाऱ्याच्या दिशेनं धुराचं शेपूट निघालंय का ते बघा.

आता खरी अडचण, धूर की ढग? धूर करडा, निळसर किंवा तपकिरी असतो, कडा पुसट असतात आणि पातळ असेल तर खालची जमीन अंधुक दिसते. तरी शंका राहिली तर शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडवाला (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरणारा) फॉल्स कलर, म्हणजे कृत्रिम रंगांचा, लेयर लावा, मोडिसचा 7-2-1 (हे त्यात वापरलेल्या बँडचे नंबर). धुराचे कण त्या तरंगलांबीपेक्षा खूप बारीक असतात त्यामुळे धूर बराच फिका पडतो, ढग मात्र जागेवरच राहतात. मला स्वतःला हीच युक्ती सगळ्यात जास्त कामाला येते.

धूर ढगांच्या वर असेल तर अल्ट्राव्हायोलेट एरोसोल इंडेक्स (एरोसोल म्हणजे हवेतले बारीक कण) बघा, सेंटिनेल-5पी सॅटेलाइटवरचा ट्रोपोमी सेन्सर तो मोजतो. आकडा शून्याच्या बराच वर गेला की समजायचं प्रकाश शोषणारे कण आहेत, म्हणजे धूर किंवा धूळ, आणि वाळवंटी धूळ नाही ना हे आगीच्या ठिपक्यांवरून ताडून बघायचं. एओडी (एरोसोल ऑप्टिकल डेप्थ) लेयर कण किती दाट आहेत ते सांगतो, 0.1 च्या खाली म्हणजे हवा स्वच्छ, 1 च्या आसपास म्हणजे चांगलाच दाट धूर, पण ढगाखाली तिथे डेटाच नसतो, आणि रिकामी जागा म्हणजे स्वच्छ हवा असं कृपया धरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं हे की सॅटेलाइट वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र बघतो, आपल्या नाकाशी काय आहे ते वेगळं सांगत नाही. जून 2023 मध्ये कॅनडाचा धूर न्यूयॉर्कमध्ये जमिनीपर्यंत उतरला आणि आकाश नारिंगी झालं, त्याच महिन्यात कॅनडाचाच धूर अटलांटिक ओलांडून युरोपवर पोचला पण तो बराच उंचावर होता, लोकांना दिसलं ते मुख्यतः धुरकट आकाश. म्हणून नकाशावर धूर दिसला की जवळच्या हवा मोजणाऱ्या मॉनिटरचं पीएम 2.5 (हवेतल्या अतिबारीक कणांचं प्रमाण) बघा, तिथला आकडा चढत असेल तर खिडक्या लावून घ्या आणि दमा असलेल्यांना बाहेर पाठवू नका.

दर थोड्या मिनिटांनी हालचाल बघायची असेल तर गोज किंवा हिमावारी या हवामान सॅटेलाइटचे लूप (एकामागोमाग फिरणारे फोटो) लावा, हिमावारी दर 10 मिनिटांनी फोटो देतो. सकाळी-संध्याकाळी सूर्य खाली असताना धूर जास्त उठून दिसतो, तेव्हाच्या फ्रेम आधी बघा.