डंकेल्डला रेल्वेने जाताना

स्कॉटलंडमधल्या पर्थहून इनव्हर्नेसची गाडी पकडा. 'डंकेल्ड अँड बर्नम' स्टेशन येण्याआधीच दाराशी उभे राहा आणि बॅगा हातात घ्या. प्लॅटफॉर्म इतका ठेंगणा, की पायरी घेताना गुडघे कुरकुरतात. माझ्या आईला तर उतरवूनच घ्यावं लागलं! सोबत वयस्कर माणूस असेल तर गार्डला आधीच सांगून ठेवा. १८५६ सालचं हे स्टेशन बर्नम गावाला चिकटून, डंकेल्ड मात्र टे नदीपलीकडे. ए-नाईन महामार्गाखालच्या बोगद्यातून बर्नममध्ये या, मग अभियंता टेलफर्डच्या १८०९ मधल्या दगडी पुलावरून पलीकडे. निवांत चालीने अर्धा तास धरा. टॅक्सीच्या नादी कशाला लागायचं? स्टेशनवर कर्मचारी नसतो, त्यामुळे परतीचं तिकीट निघतानाच काढा. गाड्या थोड्याच, परतीची वेळ आधी बघून ठेवा.