बर्थ मिळाला का? जहाजावर निघालेल्या नव्या कॅडेटसाठी

आमच्या रत्नागिरीच्या घरात बर्थ म्हणजे कोकणकन्येतली झोपायची जागा. आईला लोअर मिळाला की सगळे निवांत. डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी, झालो आणि हाच शब्द रोज नव्या अर्थाने कानावर पडायला लागला.

सगळ्यात महागात पडतो तो नोकरीतला बर्थ. डीएनएसचं, म्हणजे डिप्लोमा इन नॉटिकल सायन्सचं, वर्ष संपलं की १८ महिने जहाजावर काढावे लागतात. त्या ट्रेनिंगच्या जागेलाही बर्थच म्हणतात. "बर्थ लावून देतो, एवढे भरा" म्हणणारा दलाल मलाही भेटला होता. वडील काजूची बाग विकायला निघाले होते. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेणं एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराच्या विरुद्ध आहे. कंपनीचं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर तपासा, आणि ट्रेनिंगची जागा देण्याचं कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र हातात आल्याशिवाय कोर्सची फी भरू नका.

बंदरातला बर्थ म्हणजे जहाज लागतं तो धक्का. ईटीए ही बंदराबाहेर पोचायची वेळ, ईटीबी धक्क्याला लागायची. बर्थ रिकामा नसेल तर जहाज बाहेर नांगरून थांबतं. न्हावा शेव्याला येताना मी घरी ईटीए कळवली. आई डबा घेऊन उरणला मावशीकडे येऊन बसली, आणि आम्ही दोन दिवस नांगरावर. आता पायलट, म्हणजे जहाज बंदरात आणणारा वाटाड्या, चढायची वेळ पक्की झाल्याशिवाय मी घरी काही कळवत नाही.

धक्क्याला लागताना कॅडेटला दोरांवर उभं करतात. पहिल्याच वेळी विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर, दोर ताणला जात होता आणि मी बरोबर त्याच्या रेषेत. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, खांद्याला धरून मागे ओढलं. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो, पाय जातो, जीवही जातो. दोराच्या रेषेत उभं राहू नका, त्याच्या वेटोळ्यात तर पाय टाकूच नका. डेकवर धोक्याचे पट्टे रंगवलेले नसले तरी.

आणि एक बर्थ रात्रीचा. कोकण किनाऱ्याबाहेर समोर मासेमारी बोटींचे दिवे होते. सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा एक अधिकारी, म्हणाला, "गिव्ह देम अ वाइड बर्थ." म्हणजे ऐसपैस अंतर ठेवून लांबून वळसा घे. बोट रडारवर दिसेल, पण तिचं जाळं कुठवर पसरलंय ते दिसत नाही. त्या दिव्यांखाली हर्णैची, मिरकरवाड्याची माणसं जाळी ओढत असतात.