लेकरू गेलेल्या घरी सांत्वनाला जाताना या चुका टाळा

खानदेशात कोणाच्या घरी मृत्यू झाला की माणसे कामे टाकून दारावर जातात, आणि नवापूरच्या पाड्यांपासून भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांतही ही रीत तितक्याच मनापासून पाळली जाते. शेजारच्या घरी गंधमुक्ती होते तसा विधी आपल्याकडे नसला, तरी दफनानंतर काही दिवस संध्याकाळी भजन आणि प्रार्थना होते. गेलेले माणूस वयाने पिकलेले असेल तर या भेटींनी घर सावरते. पण आठ-दहा वर्षांचे लेकरू गेलेले असते, तेव्हा त्याच घरात विश्वासाच्या नावाने अशी काही वाक्ये बोलली जातात की आईवडील पुढच्या रविवारी चर्चमध्ये यायला धजावत नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मृत्यूचे कारण सांगायला बसणे. "देवाला चांगली फुले लवकर हवी असतात", "प्रभूची काही योजना असेल", "पुढचे मोठे दुःख टळले असेल", ही वाक्ये चांगल्या हेतूनेच बोलली जातात, परंतु ज्याच्यापुढे रात्रभर पदर पसरला त्यानेच लेकरू उचलून नेले, एवढाच अर्थ त्या आईच्या कानात उरतो. बायबलमधल्या ईयोबाची सगळी मुले आणि मालमत्ता गेली, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही (ईयोब २:१३), आणि तोपर्यंत त्यांचे काहीही चुकले नव्हते. तोंड उघडून त्यांनी कारणमीमांसा सुरू केली तेव्हा ते घसरले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर झाला नाही, या समजूतदार मित्रांवर झाला (४२:७).

"अजून वय आहे, दुसरे होईल" हे वाक्यही याच पुस्तकाच्या आधाराने बोलले जाते, म्हणून तो आधार नीट वाचायला हवा. ईयोबाची ७,००० मेंढरे पुढे १४,००० झाली आणि ३,००० उंट ६,००० झाले, म्हणजे मालमत्ता दुप्पट झाली. मुले मात्र आधी सात मुलगे व तीन मुली होती आणि नंतरही तेवढीच झाली. फार जुन्या काळापासून वाचकांनी याचा अर्थ असा लावला आहे की पहिली दहा मुले देवाच्या हिशेबातून वजा झालेलीच नव्हती. मला हा अर्थ पटतो. म्हणूनच "मुले किती?" असे कोणी विचारल्यावर आईने गेलेले लेकरू धरून संख्या सांगितली, तर तिला दुरुस्त करू नये.

अश्रूंना अविश्वास समजणे ही त्याच मुळातून फुटलेली चूक आहे. मरण पावलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असतानाही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान ११:३५), आणि प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे लिहिले, शोकच करू नका असे लिहिले नाही. बाळ गेल्यावर राजा दावीद उठला, त्याने स्नान केले आणि जेवला, हे उदाहरण विशेषतः वडिलांना ऐकवले जाते. पण दुसरा मुलगा अबशालोम गेल्यावर हाच दावीद वेशीवरच्या खोलीत जाऊन "माझ्या पुत्रा" म्हणत ऊर फुटेस्तोवर रडला, ते वाचायचे राहून जाते. एकाच बापाने दोन मुलांचा शोक दोन तऱ्हांनी केला असेल, तर नवरा मुकाट्याने ड्यूटीवर जातो आणि बायको दिवसभर कबरेपाशी बसते, यावरून कोणाचे प्रेम कमी-जास्त ठरवू नये.

पाप शोधण्याचा जाच पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांना दोन्हीकडून होतो, कारण गावातले म्हणतात की कुळाचे देव सोडले म्हणून झाले आणि मंडळीतले म्हणतात की प्रार्थनेत कमी पडले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला, पाप याचे की याच्या आईवडिलांचे, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा घरी उपवास-प्रार्थना लावण्याआधी उरलेल्या भावंडांचे रक्त तपासून घ्यायला मंडळीने सोबत जावे, हीसुद्धा सेवाच आहे.

त्या भावंडांना "दादा झोपला आहे" किंवा "देवाने त्याला नेले" असे सांगू नये. लहान मूल मग रात्री डोळे मिटायला घाबरते किंवा देवालाच घाबरू लागते. शरीर फार आजारी होते, ते बंद पडले, तो आता परत येणार नाही, आणि तो प्रभूजवळ आहे असा आपला विश्वास आहे, असे सरळ सांगावे. दप्तर, निम्मी भरलेली गणिताची वही, संडे स्कूलमध्ये मिळालेले रंगीत कार्ड या वस्तू आईने स्वतः म्हटल्याशिवाय नातेवाइकांनी हलवू नयेत.

प्रार्थना तोंडातून निघतच नसेल, तर ती ओढून काढू नये. स्तोत्र ८८ आरंभापासून अखेरपर्यंत तक्रारच करते आणि अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. ते वाचावे, किंवा कोणी वाचत असताना नुसते शेजारी बसावे. मात्र अनेक महिने झोप आणि जेवण जागेवर आले नाही, किंवा लेकरापाशी जायची भाषा सुरू झाली, तर तो विश्वासाचा प्रश्न मानून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन लावावा, तो चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

वर्षाच्या आठवण सभेला सगळे येतात, पण लेकराच्या वाढदिवसाला त्या घरी कोणी फिरकत नाही. पाळकांनी ती तारीख आपल्या डायरीत लिहून ठेवावी आणि त्या संध्याकाळी दोघा-तिघांना घेऊन जावे, उपदेश न करता चहा घ्यावा आणि लेकराचे नाव उच्चारून त्याच्याविषयी आईवडिलांना बोलू द्यावे.