सख्खी भावंडं, तरी गुणांक शून्य

उंदरांच्या जोड्या सुचवणारं सॉफ्टवेअर सख्ख्या भावंडांचीच जोडी लावत होतं, वर होणाऱ्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले, ते सांगणारा आकडा) दाखवत होतं 0, म्हणजे नातंच नाही. गणितात खोट नव्हती, वंशावळच तुटलेली. एका नोंदीत बाप ‘न-07’, दुसरीत ‘न-7’; सॉफ्टवेअरच्या लेखी दोन वेगळे नर. आईचा रकाना रिकामा, म्हणजे तीही बिननात्याची!

सगळे क्रमांक तीन अंकी केले, शेवटच्या मोकळ्या जागा काढल्या, आया पिंजऱ्यांवरच्या कार्डांवरून भरल्या. मग खात्रीसाठी मुद्दाम दोन जोड्या टाकल्या. आजी-आजोबा बिननात्याचे असतील तर सख्ख्या भावंडांच्या पिल्लांना 0.25, सावत्रांच्या (आई किंवा बाप यांपैकी एकच सामाईक असलेल्यांच्या) पिल्लांना 0.125 यायलाच हवं. आलं.

एका पिंजऱ्यात दोन नर असतील तर बाप कोण, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? तिथे जनुकीय चाचणी करायची, नाहीतर ती वीण पैदाशीतून वगळायची.