करारवचने वाचताना या चुका टाळा

देव आपला करार पाळतो याचा पुरावा इब्री शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, पानोपानी आहे. तो निसटतो आपल्या घाईमुळे, आणि त्याच त्या चुका मंडळीत वर्षानुवर्षे चालू आहेत.

वचन कापून घेणे. सगळ्यात जास्त हाल यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चे. ‘हिताचे संकल्प’ नववर्षाच्या कार्डावर असतात, दहावीच्या निकालादिवशी व्हॉट्सॲपवर फिरतात. त्याच्या अगदी आधीची ओळ मात्र कोणी पाठवत नाही: बाबेलची (बॅबिलोनची) ७० वर्षे भरल्यावर.

हे पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये यहूदाच्या राजा यहोयाखीनबरोबर बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिले. त्यांना लवकर परतायचे होते, आणि मनासारखे बोलणारा संदेष्टाही यरुशलेमेत होता. अध्याय २८ पाहा. मंदिरात, याजकांदेखत हनन्या सांगतो की दोन वर्षांत मंदिराची पात्रे, राजा, बंदिवान सगळे परत येतील. यिर्मया म्हणतो, ‘आमेन, परमेश्वर तसेच करो.’ पण शांतीचे भाकीत खरे ठरल्यावरच संदेष्टा ओळखायचा, हेही सुनावतो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू हनन्या काढून मोडतो. मग निरोप येतो: लाकडाचे मोडलेस, आता लोखंडाचे येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो.

पत्रात काय आहे? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. इ.स.पूर्व ५८६ मध्ये मंदिर जळाले. ५३९ मध्ये बाबेल पडले आणि मग पारसाच्या राजा कोरेशने परतीची परवानगी दिली. पत्र ऐकलेले बहुतेक प्रौढ तोवर बाबेलातच मातीआड झाले होते. परतीची वाट चालली ती मुख्यतः त्यांची मुले-नातवंडे. वचन पूर्ण झाले, पण मुदतीवर. मुदत खोडून वाचणारा हनन्याचाच संदेश वाचतो.

म्हणून वचन पाठ करण्याआधी मागचा-पुढचा अध्याय मोठ्याने वाचा. समासात पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहा: कोणाला, केव्हा, कोणत्या अटीवर. आठवड्याला एकच वचन झाले तरी चालेल.

सगळे करार एकाच मापाने मोजणे. उत्पत्ती १५ मध्ये देव अब्रामाशी (पुढचा अब्राहाम) करार करतो, तेव्हा तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका दुभागून समोरासमोर ठेवतात. होला आणि पारव्याचे पिल्लू अखंड. अशा तुकड्यांमधून चालण्याचा अर्थ यिर्मया ३४:१८-२० सांगतो: करार मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. अब्राम तर गाढ झोपेत आहे. तुकड्यांमधून जाते फक्त धुराची भट्टी आणि जळती मशाल. शपथ एकट्या देवाने वाहिली.

सीनाय पर्वताजवळच्या करारात तसे नाही. तिथे लोकांनी स्वतः ‘आम्ही करू’ म्हटले (निर्गम २४) आणि मोडल्यास काय होईल तेही त्यांना सांगितले (अनुवाद २८). म्हणून बंदिवास म्हणजे देव करार विसरला असे म्हणणे चूक. तो त्या कराराचाच भाग होता. लोकांनी सोन्याचे वासरू पूजल्याच्या पापानंतर मोशेने विनवणी करताना लोकांच्या त्या ‘करू’चा दाखला दिला नाही. अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना वाहिलेली शपथ आठवून दिली (निर्गम ३२:१३). लेवीय २६:४४-४५ ही त्याला जोडून वाचा.

उशीर म्हणजे नकार. अब्राहाम देवाच्या वचनावर निघाला ७५ व्या वर्षी, वचनाचा मुलगा इसहाक झाला १०० व्या. मधल्या ८६ व्या वर्षी दासीपासून मुलगा मिळवण्याच्या आडवाटेचे दुःख ती दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांनी भोगले. वचनातली जमीन म्हणाल, तर हयातीत त्याच्या नावावर झाले मकपेलाचे शेत आणि गुहा, तेही ४०० शेकेल रुपे मोजून.

यहोशवा २१:४५ वर थांबणे. देवाचे एकही वचन व्यर्थ गेले नाही, असे ते म्हणते. १३:१ सोबत वाचा. जिंकायचा देश अजून बराच उरला होता. ‘हळूहळू’ हे निर्गम २३:३० मध्येच ठरले होते.

स्तोत्र ८९ अर्धेच गाणे. दाविदाचा राजवंश टिकवण्याचे वचन ३७ व्या ओवीपर्यंत. ३८ पासून मुकुट धुळीत पडल्याची तक्रार. ती गाळू नका. त्याच बैठकीत २ राजे २५:२७-३० वाचा, तिथे दाविदाच्या वंशातला यहोयाखीन बंदिवासाच्या ३७ व्या वर्षी तुरुंगातून सुटतो. त्याला आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरही आहे. मग १ इतिहास ३:१७-१९ मध्ये त्याचा वंश पाहा आणि हाग्गय २ कडे वळा. तिथे त्याचा नातू जरुब्बाबेल मंदिर पुन्हा बांधतो आहे.