आतून तपासायला जाताना

२२ वर्षं मी स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर होते. टेबलाच्या उशाशी उभं राहून बाईचा हात धरायचा, हे माझंच काम. दुखेल याची भीती असतेच, पण त्याहून मोठी धास्ती असते ती भलत्या वेळी वारा सरेल, लघवी निसटेल याची.

म्हणून घरून निघण्याआधी नाही, तपासायला आत जायच्या आधी लघवी करून या. लघवीची पिशवी रिकामी असली की गर्भाची पिशवी हाताला नीट लागते. पोटावरून सोनोग्राफीही असेल तर मात्र लघवीची पिशवी भरलेली लागते, तेव्हा आधी काय होणार ते विचारून घ्या. नेहमीसारखी आंघोळ पुरे. आतून साबण लावू नका, केस काढायची गरज नाही. पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तिथल्या पेशी घेऊन करायची तपासणी) असेल तर दोन दिवस आधीपासून आत क्रीम-गोळी आणि संबंध टाळा. पांढरं जात असेल तर धुऊन लपवू नका, त्याचा रंग आणि वासच तर डॉक्टरांना बघायचा असतो.

आता गॅसचं. पन्नाशीच्या एक काकू होत्या. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून घालतात तो चिमटा, आत गेलं आणि आवाज झाला. त्यांनी पदर तोंडावर ओढला, गुडघे गच्च मिटले. "सोडा मला, सोडा." डॉक्टर मॅडमनी हात लगेच थांबवला. "काकू, पुढची वाट आणि मागची वाट शेजारीशेजारी आहेत. इकडे दाब आला की तिकडची हवा सुटते. तुम्ही अंग सैल सोडलंत म्हणून झालं, मला तेच हवं होतं." काकूंच्या बोटांची पकड माझ्या मनगटावरून हळूहळू ढिली झाली.

तपासणी झाल्यावर, पडद्याआड निऱ्या खोचताना त्या पुटपुटल्या, "सिस्टर, खोकलं की लघवी होते. अंगही खाली येतं. सात वर्षं झाली." मी त्यांना तसंच परत आत नेलं. मॅडमनी पुन्हा टेबलावर घेतलं आणि या वेळी मुद्दाम खोकायला सांगितलं. जे लपवायला त्या इतक्या धडपडत होत्या, तोच त्यांचा आजार होता.

तेव्हा टेबलावर चढण्याआधीच सांगून टाका: "मॅडम, मला गॅस होतो, लघवी निसटते." तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून सिस्टरच्या हातात द्या. मी अशा चिठ्ठ्या किती तरी घेतल्या आहेत.

टेबलावर बूड टेकलेलं ठेवा आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा. श्वास रोखला की खालचं अंग आवळतं, मग दुखतं. नको वाटलं तर "थांबा" म्हणा. डॉक्टर पुरुष असतील तर सोबत बाईमाणूस हजर असणं हा तुमचा हक्क आहे, मागायला संकोचू नका.

साडी किंवा लांब कुर्ता घाला, म्हणजे सगळं उघडं पडत नाही. आणि बॅगेत एक पॅड असू द्या, स्मिअरनंतर थोडा डाग पडू शकतो.