प्रवाळासाठी हरकत लिहायची असेल तर

मालवणात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सोसायटीचे ठराव, होडीच्या परवान्याचे अर्ज हे रोजचं काम. अधूनमधून एखाद्या अधिसूचनेचा मसुदा निघतो किंवा जनसुनावणीची नोटीस लागते, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडतो. "वैनी, ह्यां जरा टाईप करून देशात?" कागद उघडावा तर मजकूर ठरलेला: 'आम्ही समस्त ग्रामस्थ सदर बाबीस तीव्र विरोध करीत आहोत, तरी नोंद घ्यावी ही नम्र विनंती.'

नोंद घेतली जाते. पुढे काही होत नाही.

आलेल्या हरकतींचा कचेरीत तक्ता तयार होतो. एका रकान्यात हरकत, शेजारी अभिप्राय. 'तीव्र विरोध' याच्यापुढे 'नोंद घेतली' लिहून साहेब मोकळा होतो. पण 'अमुक कलमात हे वाक्य घाला, कारण हे' असं लिहिलंत, तर मान्य की अमान्य आणि का, हे लिहिणं त्याला भाग पडतं. हरकत लिहिताना त्या दुसऱ्या रकान्याचा विचार करायचा, बाकी नमस्कार-चमत्कार गेले तरी चालतील.

लिहायला बसण्याआधी हातातला कागद कसला आहे ते बघा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा मसुदा असेल तर राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवस मिळतात. वर्तमानपत्रात बातमी वाचली त्या दिवसापासून मोजू नका, बातमी उशिरा येते. प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. प्रकल्पाचा हा परिणाम-अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो. आणि सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, आराखडा असेल तर त्याची सुनावणी जिल्ह्याला, म्हणजे आपल्याकडे ओरोसला.

या आराखड्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते प्रवाळाचा खरा निकाल तिथेच लागतो. सीआरझेडमध्ये प्रवाळ असलेला भाग १-अ या सगळ्यात कडक वर्गात येतो. पण कधी? नकाशावर तो प्रवाळ म्हणून दाखवलेला असेल तर. नकाशात तुमचं खडप, म्हणजे समुद्रातला खडकाळ भाग, नुसता खडकाळ किनारा म्हणून रंगवलेलं असेल, तर उद्या जेटीचा प्रस्ताव आल्यावर 'इथे प्रवाळ नाही' असं नकाशाच सांगणार. त्यामुळे नकाशा उघडा, आपली वाडी शोधा, ओहोटीला उघडं पडणारं खडप कोणत्या रंगात आहे ते बघा. चुकीच्या रंगात असेल तर तुमची अर्धी हरकत तिथेच तयार झाली.

हद्दही तपासा. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२. तुमची जागा गाभ्यात आहे, बाहेरच्या भागात आहे की अभयारण्यातच नाही, यावर अर्ज वनखात्याच्या कुठल्या टेबलावर जाणार की जाणारच नाही ते ठरतं. आंग्रिया बँकेबद्दल लिहिणारेही येतात, हल्ली तरुण मुलं जास्त. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला तो बुडालेला पठार-प्रदेश विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर पश्चिमेला आहे. राज्याचा समुद्र १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरवर संपतो. त्यासाठी ओरोसला अर्ज देऊन काय उपयोग? तो विषय दिल्लीचा, केंद्रीय मंत्रालयाच्या नावे लिहा.

आता पुरावा. एकदा एक गृहस्थ पिशवीतून प्रवाळाचा तुकडाच घेऊन आले, 'ह्येचा झेरॉक्स काढ' म्हणाले. मी पिशवी काउंटरवर ठेवूच दिली नाही. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे ही सगळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. तोडणं सोडा, जवळ बाळगणंही गुन्हा. जिवंत प्रवाळ पुराव्यासाठी तोडायचं म्हणजे ज्याच्या बाजूने साक्ष द्यायची त्यालाच मारायचं.

फोटो काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सगळ्यात खोल जाते, तेव्हाच खडपावरचं प्रवाळ उघडं पडतं. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत गेलात तर पाणीच दिसेल. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवा, म्हणजे फोटोबरोबर अक्षांश-रेखांश येतात. शेजारी, स्पर्श न करता, पट्टी धरा. पाय कुठे ठेवताय ते बघा. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात किल्ल्याचा बुरूज किंवा देवळाचा कळस अशी ओळखीची खूण येईल. जवळच्या फोटोत प्रवाळाच्या अंगावरची बारीक घरं मोजता आली पाहिजेत. रंग जाऊन पांढरा पडलेला भाग वेगळा टिपा, कारण पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि त्या शेवाळाशिवाय तो उपाशी राहतो. पांढरा म्हणजे मेलेलाच असं नाही, हे अर्जात जरूर लिहा. नाहीतर 'आधीच मृत आहे' हे उत्तर तयार असतं.

फोटोइतकंच वजन रोज पाण्यात जाणाऱ्याच्या बोलण्याला आहे, फक्त ते नीट लिहावं लागतं. 'मासळी कमी झाली' हे कुणीही म्हणेल. तांबोशी, गोबरा, शेवंड कुठल्या खडपाच्या आसऱ्याला मिळायची, कुठल्या महिन्यात, गाळ कधीपासून दिसायला लागला, पर्यटकांच्या होड्या नांगर नेमका कुठे टाकतात, हे लिहा. माझे दीर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जातात. एका बैठकीत त्यांनी सांगितलेलं मी पानभर उतरवलं आणि खाली त्यांची सही घेतली. आमच्या अर्जातलं कामाचं पान तेच होतं.

इथेच गाडी अडते ती भीतीमुळे. "अभयारण्य झाला तर आमी जाळां खंय मारूची?" १९८७ पासूनचा हा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याला, विचारल्याशिवाय समुद्रावर रेघ ओढली तर तो विरोधच करणार. म्हणून प्रवाळाच्या बाजूने लिहितानाही काय चालू राहावं ते आधी लिहा: रापण, गरवणं, पातीतून (लहान होडीतून) होणारी पारंपरिक मासेमारी. मग काय थांबावं ते. दोन्ही एकाच अर्जात असतील तर मच्छीमार सोसायटी सही करते. नुसतं 'बंदी घाला' लिहिलेला अर्ज शहरातून आलेला वाटतो, आणि बहुतेक वेळा असतोही.

मजकूर साधारण असा असावा. समजा मसुद्यात 'पर्यटन उपक्रमांना नियमानुसार परवानगी' एवढंच म्हटलंय:

'मुद्दा ४ (ख) मध्ये पुढील वाक्य जोडावे: प्रवाळ असलेल्या खडकावर नांगर टाकण्यास मनाई राहील, पर्यटक होड्यांसाठी वाळूच्या तळावर कायम बोये (तरंगते गोळे) बसवावेत व होड्या त्यांनाच बांधाव्यात. कारण: सोबतच्या फोटो क्र. २ व ३ मध्ये (दिनांक व स्थान नमूद) नांगराने तुटलेले प्रवाळ दिसते. गोळ्याच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढते, त्यामुळे एका नांगराचे नुकसान भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. या अटीमुळे पारंपरिक मासेमारीस बाधा येणार नाही.'

बस. एक मुद्दा, एक पान. वर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, खाली नाव, पत्ता, सही. मराठीत लिहा, बिनदिक्कत. २०२० च्या ईआयए मसुद्याच्या वेळी तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत उपलब्ध करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. आपण आपल्या भाषेत लिहायला लाजायचं कारण नाही. एकाच मजकुराच्या शंभर प्रती काढू नका. माझा धंदा होतो, पण तक्त्यात त्या एका ओळीत गुंडाळल्या जातात. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या जागेबद्दल दहा वेगळी पानं द्यावीत. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम.

अर्ज हातोहात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जावा, बघतो' याला पोच म्हणत नाहीत. ईमेल केला तरी एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा.

जनसुनावणीला बहिष्कार घालायची आपल्याकडे हौस आहे. ती सोडा. सुनावणीला कोरम लागत नाही. हॉल रिकामा राहिला तरी ती झाली असंच धरतात, आणि इतिवृत्तात 'कोणीही हरकत घेतली नाही' एवढं छान वाक्य जातं. जा, लवकर नाव द्या, तीन मिनिटांत आपलं पान वाचा आणि तेच पान लेखी द्या. शेवटपर्यंत थांबा, जेवायला पळू नका: त्याच दिवशी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि मग त्यावर सही होते. तुमचा मुद्दा गळला असेल तर उभं राहून सांगायची वेळ तीच. निर्णय तिथे होत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळ फक्त पुढे कळवतं. म्हणून कागदावर काय गेलं यालाच किंमत.

मुदत संपल्यावर महिन्याभराने माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: 'प्राप्त हरकती व त्यावरील अभिप्राय यांच्या तक्त्याची प्रत मिळावी.' ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. प्रकल्पाला मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अपील ३० दिवसांत करायचं असतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर नाही. तिथे वकील पहिल्यांदा मागतो तो पोचीचा शिक्का असलेली प्रत, तेव्हा ती लॅमिनेट करू नका, नुसती फाईलला लावून ठेवा.